माडिया शिकायला निघण्याआधी

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडकडे जाऊन माडिया, म्हणजे तिकडच्या माडिया गोंडांची गोंडी बोली, शिकायचे ठरले, तरी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला लगेच धाडले नाही. भाषेचा अभ्यास एकदा सुरू झाला की सकाळपासून रात्रीपर्यंत दुसरे काही करायचे नाही, मराठीसुद्धा शक्यतो तोंडात येऊ द्यायची नाही, असा आमच्याकडचा शिरस्ता. त्याआधी हिंडून घे, मुलूख बघ, प्रकृती तपासून घे, आईची नीट समजूत काढ, असे त्यांचे म्हणणे. मिशनच्या कामात घाई त्यांना अजिबात खपत नाही.

मग मी एसटीने निघालो. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली आणि पुढे चामोर्शी, आष्टी करत आलापल्ली. तिथून जंगल दाट होत जाते आणि गाडीत मराठी कमी ऐकू येऊ लागते. आलापल्लीपर्यंत अधूनमधून तेलुगू कानावर पडते, पुढे माडिया. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी मी लहानपणापासून वाचत आलो. त्या नदीच्या काठावर उभे राहिलो तेव्हा बातमीतला 'संपर्क' म्हणजे काय, ते कळले. दवाखाना, रेशन, शाळेतून घरी परतणारी पोरे, सगळे त्यातच आले.

मी नागपूरचा. हे शहर बख्त बुलंद शाह या गोंड राजाने 1702 च्या सुमारास वसवले, हे शाळेत पाठ केलेले. 2011 च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे जवळपास तीस लाख आहेत. तरी आमच्या गल्लीत, शाळेत, चर्चमध्ये गोंडीचे एक वाक्य येणारा माणूस मला कधी भेटला नाही. याची मला मनापासून लाज वाटते, आणि मी या कामाकडे वळलो त्यात या लाजेचा मोठा वाटा आहे.

पाळकसाहेबांनी टाकळघाटही दाखवले. बुटीबोरीजवळ लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत, तिथे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी सत्ताविशीत, 1845 च्या सुरुवातीला, नागपुरात आले. त्यांनी मराठी शिकून शाळा काढली, दगड-जीवाश्म गोळा केले आणि गोंडांची गाणी, देवदेवता, शब्द लिहून ठेवले. लिंगो या गोंडांच्या आद्यपुरुषाची लांबलचक गाथा त्यांनी एका परधानाकडून उतरवून घेतली. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची वर्तुळे बघून घोड्यावरून परतताना रात्री पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. कागद तसेच राहिले. पुढे 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ते छापून घेतले. परधान हे गोंडांचे पिढीजात गायक. गाथा त्यांच्या तोंडी होती म्हणून हिस्लॉप यांना मिळाली. पण त्या परधानाचे नाव कुणाच्या लक्षात नाही, हे मला परतताना सारखे टोचत राहिले.

तयारी अशी चालली असताना एके दिवशी दुपारी फोन आला. आमच्या मंडळीतल्या एक ताई शहरातल्या मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहेत. म्हणाल्या, "अरे, भामरागडकडची एक आजी आहे नातवाला घेऊन. मुलाला रक्त फार कमी आहे. सोबत आलेला माणूस परत गेला. डॉक्टरांना विचारायचं आहे, पण तिला मराठी येत नाही. तू गोंडी शिकतोयस ना?"

मी शिकायला निघालो होतो, शिकलो नव्हतो. तसे सांगितले आणि तरी गेलो.

आजी खाटेखाली जमिनीवर बसलेली, एका हाताने मुलाचा पाय धरून. मूल सहा-सात वर्षांचे, डोळे पिवळसर. ताटातले जेवण तसेच. ताईंनी मला वॉर्डाच्या दाराची कडी दाखवली. तिला लुगड्याच्या काठाची एक चिंधी बांधलेली. आजीनेच बांधली होती. सगळी दारे सारखी, पाट्या वाचता येत नाहीत, पाणी आणायला गेले तर याच दारात परत यायचे कसे, म्हणून. मी जोहार केला. तिने मान हलवली. यापुढे माझ्याजवळ काही नव्हते.

शहरात आदिवासी मुलांची वसतिगृहे आहेत. एका वसतिगृहात विचारत गेलो तेव्हा भामरागड तालुक्यातला बीएस्सीचा एक मुलगा भेटला. प्रॅक्टिकलची वही बाजूला ठेवून तो तसाच चपला घालून निघाला.

पुढचा तासभर मी बघत राहिलो. डॉक्टर कागद घेऊन उभे होते. तो त्यांच्याकडे न बघता आजीसमोर मांडी घालून बसला आणि आजाराबद्दल त्याने काहीच विचारले नाही. बराच वेळ दोघांत काय चालले ते मला उमगेना. मग त्याने वळून सांगितले, "गाव विचारलं, आडनाव विचारलं, देव किती ते विचारलं." गोंडांमध्ये चार, पाच, सहा, सात देवे मानणारी कुळे असतात, कोण कुणाचा भाऊबंद आणि कुठे सोयरीक होऊ शकते, ते त्यावरून ठरते. दोघांचे देव सारखे निघाले. म्हणजे तो तिच्या घरचाच झाला. त्यानंतर तिने ताट पुढे ओढले आणि खाता खाता बोलू लागली.

डॉक्टरांनी घाई केली नाही, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. त्यांना सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, शंका होतीच. विदर्भातल्या डॉक्टरला ती येतेच. त्यांनी विचारायचे ते त्या विद्यार्थ्यामार्फत विचारले. घरात आणखी कुणाला असे झाले होते? हा रांगत असताना याचे हातपाय सुजले होते का? आधी कुठे रक्त दिले होते? आजीने आपल्या हाताची बोटे फुगवून दाखवली, दोन्ही हातांची. मग म्हणाली की याच्या आधीचा भाऊ असाच गेला, सांधे दुखून दुखून. ती हे सांगत होती तेव्हा त्या विद्यार्थ्याने मराठी करायचे थांबवले, तिचे संपू दिले, मग सांगितले.

तपासणीत सिकलसेलच निघाला. रक्त दिले गेले. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. गोळ्या रोज, पाणी भरपूर, ताप आला की लगेच दवाखाना. हे सगळे त्यानेच समजावले. कुणी काही केले तर नाही ना, असे आजीने विचारले. त्याला त्याने जे उत्तर दिले ते लांब होते आणि मी ते मराठीत मागितले नाही.

मी तिथे प्रार्थना केली, मनातल्या मनात. जिला माझा शब्दही कळत नाही तिच्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करणे मला योग्य वाटत नाही. पाळकसाहेबांनाही मी तसेच सांगितले.

नंतर बाहेर टपरीवर चहा घेताना त्या मुलाने सरळ विचारले, "दादा, तुम्ही आमची भाषा शिकून काय करणार? आमच्याकडे लोक येतात. गाणी रेकॉर्ड करतात, फोटो काढतात, जातात." मी काही लपवले नाही. मी ख्रिस्ती आहे, मिशनतर्फे येतोय, आरोग्याच्या कामात राहायचे आहे, कुणी विचारले तर माझा विश्वास सांगेन, न विचारता कुणाच्या दारात जाणार नाही. तो थोडा वेळ गप्प होता. मग त्याने आपल्या अटी सांगितल्या. गावात आधी ग्रामसभेपुढे उभे राहायचे आणि हेच तिथे सांगायचे. जे लिहून घेशील त्याची एक प्रत गावात राहील, सांगणाऱ्याच्या नावासकट. आणि गावातून पेशंट नागपूरला आला तर सोबत यायचे, सोडून परत जायचे नाही.

टाकळघाटहून परतताना मला जे टोचत होते, ते या मुलाला कुणी न सांगता ठाऊक होते. मी तिन्ही अटी मान्य केल्या. पाळकसाहेबांनी त्या ऐकल्या आणि फक्त एवढेच विचारले, "मग जाण्याची तारीख तो ठरवेल ना?"

तारीख त्यानेच ठरवली आहे. धानाची कापणी उरकली, की त्याच्या वडिलांकडे. तोवर संध्याकाळी वसतिगृहात त्याच्या खोलीवर जातो, आणि ताईंचा फोन आला की त्याच्यासोबत वॉर्डात. तिथे वही काढत नाही. पाणी आणायचे काम माझ्याकडे आहे.