अक्षर त्याचंच आहे

हस्ताक्षर तपासणीला कागद येतात तेव्हा पोलीस ठाण्याच्या पत्रात प्रश्न ठरलेला असतो: ‘क्यू’ खुणेचा शंकास्पद मजकूर आणि ‘एस’ खुणेचा ताडून बघायचा नमुना एकाच व्यक्तीचा आहे काय? आम्ही तेवढ्याचंच उत्तर देतो.

गेल्या पावसाळ्यात मिसिंगचं एक प्रकरण आलं. कॉलेजातला मुलगा. वहीच्या फाडलेल्या पानावर चार ओळी: माझ्या मर्जीने जातोय, शोधू नका. नमुना म्हणून काय पाठवलं असेल? बँकेच्या फॉर्मवरची सही, तीही इंग्रजीत! मराठी पत्राशी इंग्रजी सही ताडून बघणार कशी? हे सांगून सांगून आमचे घसे बसले, तरी दर वर्षी नवा तपासी अंमलदार तेच करतो. मी कागद परत पाठवले.

मग एक हवालदार मुलाच्या वह्या घेऊन आला, आणि त्याच्यासोबत वडीलही. प्राथमिक शाळेतले मास्तर. नातेवाइकांना आम्ही सहसा भेटत नाही, पण ते दारातूनच बोलले.

“मॅडम, अक्षर त्याचंच आहे. मीच गिरवून घेतलंय त्याच्याकडून. त्याने ते मनानं लिहिलंय का, तेवढं सांगा.”

वह्या मात्र उत्तम होत्या. घाईत उतरवून घेतलेल्या नोट्समध्ये माणूस सापडतो, कारण तिथे तो अक्षर सजवत नाही. हा मुलगा शिरोरेघ सगळा शब्द लिहून झाल्यावर एका फटक्यात ओढायचा आणि ती शेवटच्या अक्षराच्या पुढे जायची. ‘श’ची गाठ उघडी. अनुस्वार अक्षरावर न पडता पुढच्या अक्षराकडे सरकलेला. पत्रात हे सगळं जसंच्या तसं होतं. फक्त रेघ प्रत्येक अक्षरावर तुटक आणि पेन मधे मधे थबकलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे शाईचे ठिपके दिसतात. भीतीने हात थबकतो. थंडीने, मांडीवर कागद ठेवून लिहिल्याने किंवा रडू आवरत असतानाही थबकतो. यातलं नेमकं काय, हे ठिपका सांगत नाही.

आणि मला प्रकाश हेगडे आठवला. पुण्यात वाढलेल्या माझ्या पिढीला जोशी-अभ्यंकर हत्याकांड सांगावं लागत नाही, पण त्या खुनांच्या मालिकेतला पहिला बळी या मुलाचा होता हे बरेच जण विसरतात. अभिनव कला महाविद्यालयाचा विद्यार्थी, हॉटेलमालकाचा मुलगा. जानेवारी १९७६ मध्ये त्याच्याच वर्गमित्रांनी त्याला कर्वे रोडवरच्या शेडमध्ये नेलं आणि घर सोडून जातोय अशी वडिलांच्या नावे चिठ्ठी त्याच्याच हाताने लिहून घेतली. रात्री पेशवे पार्कात नायलॉनच्या दोरीने गळा आवळला आणि प्रेत दगडांसकट लोखंडी पिंपात घालून तळ्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी खंडणीचं पत्र. पुढे त्यांनी जोशींच्या घरात ३, अभ्यंकरांच्या घरात ५ आणि मार्च १९७७ मध्ये अनिल गोखले असे खून केले. पोरं पकडली गेली, एक मित्र चौकशीत फुटला, तेव्हा कुठे हेगडेचं काय झालं ते कळलं. त्यांच्यातल्या चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली.

ती चिठ्ठी माझ्या टेबलावर आली असती तर? ‘अक्षर त्याचंच आहे’ असंच मी लिहिलं असतं, आणि ते शंभर टक्के खरं असतं.

मास्तरांना मी सांगितलं की ते कागदावरून कळत नाही. ते वाद न घालता बाकावर बसून राहिले. हवालदाराने शेवटी त्यांना चहाला नेलं.

अहवालात मी लेखक एकच असल्याचं मत दिलं आणि खाली एक वाक्य जोडलं: लेखनाच्या गतीत खंड आढळतो, त्याचे कारण व लिहिणाऱ्याची इच्छा यांबाबत कागदावरून मत देता येत नाही. आठवड्याभरात तपासी अंमलदाराचा फोन. “मॅडम, शेवटची ओळ काढता येईल का? नसती तर फाइल बंद करता आली असती.” बोलणं अगदी अदबीचं.

ओळ काढली नाही. फाइल त्यांच्याकडेच आहे. मुलगा अजून मिळालेला नाही, आणि मास्तर ऑफिसच्या नंबरवर अधूनमधून फोन करतात. आता आमच्याकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, हे त्यांना माहीत आहे.