झोका दुरुस्त झाला म्हणे

गेल्या आठवड्यात मोबाईलवर मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे'. दोन मिनिटं मला आठवेचना कुठली तक्रार, मग ट्यूब पेटली, बागेतल्या झोक्याची. चार महिन्यांपूर्वी टाकलेली. खोटं कशाला सांगू, जाम आनंद झाला. भाचीला म्हणलं चल, झोका नीट केलाय, तिने घाईत चपला पण उलट्या घातल्या आणि पोचतो तर काय, नुसता सांगाडा. चार झोक्यांची लोखंडी फ्रेम उभी, वर हुक लटकतायत, खाली काही नाही. तुटलेला एक होता, काढून नेले चारही.

"मामा, झोके कुठे गेले?"

"दुरुस्तीला नेले असतील गं."

"मग मेसेज का पाठवला?"

आता काय बोलणार यावर.

अ‍ॅप उघडून बघितलं तर पुराव्याला फोटो पण जोडलेला, त्याच रिकाम्या फ्रेमचा, आणि बरोबरच आहे ना, तक्रार काय होती, झोका तुटलाय, आता बागेत तुटलेला झोका आहे का? नाही. विषय संपला. वॉचमन काका शेजारी येऊन उभे राहिले, हळूच म्हणाले, "दादा, तुम्ही कंप्लेंट केली नसती तर तीन तरी राहिले असते." हे जरा लागलं मला.

तेव्हापासून बागेत फिरताना मला सगळीकडे वजाबाकीच दिसते. पिण्याच्या पाण्याचा नळ गळत होता, त्याला बूच मारलं, गळती बंद आणि पाणीही बंद. टॉयलेटची कडी मोडली तर बाहेरून कुलूप घातलं, ते अजून तसंच आहे. बाकाची मधली फळी गेली, मग दुसरी गेली, मग एक दिवस अख्खा बाकच गेला, आता तिथे सिमेंटचे दोन ठोकळे आहेत आणि त्यातल्या एकावर एक आजोबा रोज पेपर पसरून बसतात. नियमाने बघायला गेलं तर बागेत मोडकं असं फारसं काही उरलेलंच नाही!

बरं, तो झोका तुटला कसा तेही सांगतो, कारण मी तो तुटायच्या आधी नीट बघितला होता. साखळी आणि सीट यांच्यामध्ये एस आकाराचा एक हुक असतो. लोखंडावर लोखंड घासून त्याच्या आतल्या बाजूला खाच पडली होती, चकचकीत, बाकी सगळा गंजलेला आणि तेवढीच जागा चांदीसारखी. हुकाचं तोंडही उघडलेलं. अमेरिकेत खेळण्यांच्या सुरक्षेसाठी जे सरकारी मार्गदर्शन आहे त्यात या तोंडाची फट साधारण १ मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं सांगितलंय, इथे माझं करंगळीचं नख सहज आत जात होतं. एक पक्कड, दोन मिनिटांचं काम. फार तर नवीन हुक. पण ते बघायला कुणीतरी यायला हवं, आणि बघायला येणं हे कुणाचंच काम नाही, पाणी घालणारा माळी आहे, झाडणाऱ्या मावशी आहेत, गेटवर वॉचमन काका आहेत, झोक्याची साखळी हातात धरून बघणारं कोणी नाही. युरोपात ईएन ११७६ नावाचं मानक आहे, त्यात खेळण्यांची तपासणी तीन पातळ्यांवर सांगितलीय, वरचेवर नुसती नजर टाकायची, एक ते तीन महिन्यांनी ओढून-हलवून झीज बघायची, आणि वर्षातून एकदा पायापर्यंत सगळं. त्यात रॉकेट सायन्स काही नाही, घरातली आजी पाळण्याची दोरी जशी बघते तसंच आहे ते.

ओपन जिमची गोष्ट अजून मजेशीर आहे. बेअरिंगमध्ये पाणी शिरून ते जाम झालं, किरकिर आवाज यायला लागला, तर त्यांनी येऊन रंग दिला. पिवळा आणि निळा. पाईप जमिनीत जिथे शिरतो तिथे पाणी साचून पापुद्रे सुटले होते, त्यावरूनही रंग मारला, न खरवडता. आता गंज आत निवांत काम करतोय, वरून मशीन नवीकोरी. कारंज्याबद्दल तर बोलायलाच नको, पंपाची जाळी पानांनी तुंबली, पंप जळला, टाकीत पाणी तसंच, आणि डासाला अंड्यापासून उडायला लागायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात.

पैसे नसतात असं म्हणतात, आणि ते अर्धं खरं आहे. नवीन बाग हा भांडवली खर्च, त्याला निधी वरून येतो, फलक लागतो, फीत कापता येते. ग्रीस, हुक, बल्ब हे सगळं रोजच्या खर्चात, तिथे आधी पगार, वीजबिल आणि मग उरलं तर. म्हणून सगळं मोडेपर्यंत थांबायचं आणि मग 'सुशोभीकरण' काढायचं. हमीचा काळ असतो ठेकेदाराचा, पण तो चालू असताना कोणी तपासत नाही आणि संपल्यावर तपासून उपयोग नाही.

(आपलीही माणसं काही कमी नाहीत हां. लहान मुलांच्या झोक्यावर दोन-दोन दणकट पोरं बसून रात्री रील बनवतात ते मी स्वतः बघितलंय. पण ती नसती तरी तो हुक झिजलाच असता.)

आता माझी खरी पंचाईत सांगतो. घसरगुंडीच्या तळाशी, जिथे पोरं घसरत येऊन थांबतात, तिथे पत्रा फाटलाय. बोटभर. कड बाहेरच्या बाजूला वळलीय, चड्डी अडकते, कधीतरी मांडी कापणार कुणाची तरी. अ‍ॅप उघडलं, फोटो काढला, 'सबमिट' पर्यंत गेलो आणि थांबलो. सांगितलं तर घसरगुंडी नेतील. बागेत आता तेवढंच शिल्लक आहे. काल संध्याकाळी हातोडी घेऊन गेलो आणि कड ठोकून आत वळवली, वर जाड टेप लावली, वॉचमन काकांनी टॉर्च धरला. टेप चार दिवस टिकेल, पाऊस आला तर दोन. फोटो अजून ड्राफ्टमध्येच आहे.