मल्हारचा पासपोर्ट आणि मल्हारचं कूळ

इंग्लंडमध्ये प्रत्येक घोड्याला, तट्टालाच काय, गाढवालाही पासपोर्ट लागतो. शिंगरू सहा महिन्यांचं होईपर्यंत किंवा जन्मवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत, यातली जी तारीख नंतर येईल तोवर तो हातात हवा. मानेत ओळख-क्रमांकाची चिपही हवी. हे सगळं सक्तीचं. कुठल्या जातीच्या वहीत, म्हणजे वंशनोंदीच्या पुस्तकात, त्याचं नाव घालायचं, की घालायचंच नाही, हा मात्र तुमचा प्रश्न. आमच्या शिंगराच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न असे एकमेकांत गुंतले की सोडवायला उन्हाळा गेला. म्हणून हे लिहून ठेवतेय.

आम्ही हेरफर्डशरमध्ये राहतो, वेल्सची हद्द इथून जवळ. लेकीसाठी, ईरासाठी, शेटलँड या बुटक्या जातीची एक काळी घोडी घेतली, तिचं नाव हेदर. विकणाऱ्या बाईंनी व्यवहाराच्या वेळीच सांगितलं होतं की मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या शेतातला वेल्श घोडा कुंपण ओलांडून आला होता, तेव्हा जरा लक्ष ठेवा. घोडी साधारण अकरा महिने गाभण असते. आम्ही लक्ष ठेवलं आणि मे महिन्यात एका पहाटे हेदरशेजारी एक ओलंचिंब शिंगरू डगमगत उभं दिसलं. नर, रंगानं कुमैत (तांबूस तपकिरी), कपाळावर लहानसा चांद आणि मागचा डावा पाय पांढरा. ईरानं नाव ठेवलं मल्हार. इथली माणसं त्याला 'मॅलर' म्हणतात, आणि तो दोन्ही हाकांना सारखंच दुर्लक्षित करतो.

आता नोंद. हेदरकडे शेटलँड पोनी स्टडबुक सोसायटीचा कागद होता, त्यामुळे पहिली आशा तिथेच. ही संस्था १८९० सालची, ब्रिटनमधल्या देशी तट्टांच्या संस्थांमध्ये सगळ्यात जुनी. तिच्यामागे कोळशाच्या खाणी आहेत. १८४२च्या कायद्यानं बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाणीत उतरवायला बंदी आली, मग गाडे ओढायला बुटकी, ताकदवान तट्टं उतरवली गेली. लॉर्ड लंडनडेरी या खाणमालकांनी तर त्यासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलँडमधल्या ब्रेसी आणि नॉस या बेटांवर स्वतःची पैदास सुरू केली. चांगले नर खाणीत निघून चालले तेव्हा जातीची वही हवी, असं लोकांना वाटू लागलं. म्हणजे वही निघाली ती जात शुद्ध ठेवायला, आणि आजही मुख्य वहीत शिरायला आई आणि बाप दोघंही शेटलँड म्हणून नोंदलेले लागतात. चार वर्षांवरच्या तट्टाची उंची ४२ इंचांपेक्षा जास्त चालत नाही. मल्हारचा बाप वेल्श. विषय तिथेच संपला, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटलं नाही.

ओळखीच्या एका अमेरिकन बाईंनी मला धीर दिला तो वेगळ्याच गोष्टीनं. १९५४मध्ये आयोवातल्या मेसन सिटीत लेस्ली बूमहॉवर नावाच्या शेटलँड पाळणाऱ्या गृहस्थांकडे एक घोडी आली. ती अरबी आणि ॲपलूसा (ठिपक्यांची अमेरिकन जात) रक्ताची होती आणि चुकून शेटलँडकडून गाभण राहिली होती. तिला पांढरं, काळ्या डागांचं शिंगरू झालं, आणि एक डाग हुबेहूब हाताच्या पंजासारखा. त्याचं नाव ठेवलं ब्लॅक हँड. कुठल्या वहीत घालावं हा प्रश्न बूमहॉवरांनी असा सोडवला की नवी वहीच काढली, पोनी ऑफ द अमेरिकाज. गोष्ट झकास आहे. पण माझ्याकडे ना तेवढी जमीन, ना तेवढी हौस, आणि मल्हारच्या अंगावर पंजाही नाही. अबलख घोड्यांची रंगावरून नोंद करणाऱ्या संस्था इथेही आहेत. एक चांद आणि एक पांढरा पाय एवढ्या भांडवलावर तिथे कोण उभं करणार?

राहिले दोन रस्ते. एक, नुसता ओळखीचा पासपोर्ट: चिप, रंग, खुणा, मालक, बस. आईबापांची चौकट रिकामी. दुसरा, वेल्श पोनी अँड कॉब सोसायटीची पार्ट-ब्रेड, म्हणजे मिश्र रक्ताच्या तट्टांची, वही. तिथे अट फक्त साडेबारा टक्के नोंदलेल्या वेल्श रक्ताची. मल्हारमध्ये निम्मं होतं, फक्त ते सिद्ध करायला हवं होतं.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट आमच्या घोड्यांच्या डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितली. जातीच्या संस्था स्वतःच पासपोर्ट काढून देतात. म्हणजे आधी घाईनं साधा पासपोर्ट काढला आणि नंतर मन बदललं, तर तोच पासपोर्ट परत संस्थेकडे पाठवून त्यावर नोंद चढवून घ्या, पुन्हा फी, पुन्हा कागद. तेव्हा सक्तीच्या कागदाची तारीख हीच खरं तर ऐच्छिक कागदाचीही तारीख. हे कुठल्याही अर्जावर ठळक लिहिलेलं मला सापडलं नाही.

पण वहीच्याही आधी डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला. नर ठेवणार, की खच्ची करणार? आमचं उत्तर तयार होतं. दोन एकर गवत, शेजारी तीन घोड्या, घरात एक लेक. इथे आंडील घोड्याचं काम नाही. शिवाय कुळाचा पत्ता नसलेली लहान तट्टं या भागात इतकी आहेत की बाजारात त्यांना किंमत येत नाही, त्यात आणखी भर घालायची मला इच्छा नव्हती. खच्ची करायचं ठरल्यावर नोंदणीतला अर्धा गोंधळ आपोआप गेला. वंश पुढे चालणार नाही, मग पैदाशीच्या दृष्टीनं वहीला अर्थ नाही. अर्थ उरतो तो एकच: आपण हे तट्टू आयुष्यभर ठेवणार आहोत का?

नाही, ठेवणार नाही. हेदर चाळीस इंच, बाप बारा हातांच्या आसपास (घोड्यांच्या मापातला हात चार इंचांचा), म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. मल्हार मध्ये कुठेतरी थांबेल. ईरा आत्ताच उंच आहे. तो बसण्याजोगा होईल, म्हणजे चारेक वर्षांचा, तेव्हा तिचे पाय त्याच्या पोटाखाली लोंबतील. तो दुसऱ्या कुणाच्या घरी जाणार, तिथून तिसऱ्या. तट्टं तीस वर्षंही जगतात. त्या तिसऱ्या घराला त्याचं खरं वय, आईबाप आणि अंगातलं रक्त कागदावर मिळावं, एवढ्यासाठी मी पार्ट-ब्रेडच्या बाजूनं झुकले. नवऱ्याचं मत होतं की बक्षिसं जिंकायची नाहीत तर नुसत्या कौतुकाला पैसे का घालायचे. पार्ट-ब्रेड वेल्शचे वेगळे वर्ग प्रदर्शनांत असतात, हे मी त्याला मुद्दाम सांगितलं नाही. ईराला कळलं असतं.

बापाच्या मालकांना भेटायला गेले. सत्तरी ओलांडलेले शेतकरी, कुत्र्यांशी जास्त आणि माणसांशी कमी बोलणारे. घोडा नोंदलेला होता, हे नशीब. पण बापाच्या मालकानं द्यायच्या दाखल्यावर घोडी घोड्याला कुठल्या तारखेला दाखवली ते लिहायचं असतं. "सही करतो, पण तारीख काय घालू? त्यानं मला विचारून उडी मारली नव्हती," ते म्हणाले. शेवटी डीएनएवर बोलणं आलं, आणि त्यांनी घोडा धरून उभा केला.

केस कापून चालत नाहीत, मुळासकट उपटावे लागतात. आयाळीतल्या थोड्या केसांना बोटाभोवती पीळ द्यायचा, कातडीजवळ धरायचं आणि एका झटक्यात ओढायचं. मग उजेडात धरून टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते का ते बघायचं, तीच कामाची. घोड्यानं मान हलवली नाही. हेदरनं माझ्या पायावर पाय दिला. मल्हारचे केस इतके मऊ होते की गाठी दिसेपर्यंत डोळे दुखले.

पासपोर्टातल्या आकृतीसाठी डॉक्टर आले तेव्हा मात्र मजा आली. घोड्याच्या बाह्यरेषा छापलेल्या असतात, त्यावर पांढऱ्या खुणा लाल शाईनं भरतात आणि केसांचा प्रत्येक भोवरा काळ्या फुलीनं दाखवतात. माझे बाबा शहादा तालुक्यातले. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा घोडेबाजार त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. तिथे दात बघायच्या आधी गिऱ्हाईक भोवरे बघतं, कुठला शुभ, कुठला अशुभ, आणि देवमण, म्हणजे गळ्याजवळचा शुभ भोवरा, असेल तर किंमत चढते. व्हिडिओ कॉलवर बाबा मला गळ्याजवळ कॅमेरा न्यायला सांगत होते आणि इकडे डॉक्टर त्याच भोवऱ्यावर फुली मारत होते. "देवमण आहे," बाबांनी जाहीर केलं. डॉक्टरांना मी सांगितलं की आमच्याकडे या फुलीचे पैसे वाढतात. त्यांनी शांतपणे चिप मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली टोचली आणि पंधरा आकडे दोनदा वाचून जुळवले.

अर्ज भरताना एका चौकटीवर मी अडखळले. हा प्राणी माणसाच्या खाण्यासाठी नाही, अशी सही मालकाला पासपोर्टात करता येते. पाळीव तट्टासाठी हे विचित्र वाटतं. पण फिनाइलब्युटाझोनसारखं वेदनेवरचं साधं औषध दिलेला घोडा खाटीकखान्यात जाता कामा नये, म्हणून ही तरतूद. एकदा सही केली की ती मागे घेता येत नाही. मी केली. पुढे केव्हाही लंगडला तर डॉक्टरांचा हात अडायला नको.

निकाल आला, बाप तोच निघाला. त्या शेतकऱ्यांना फोन केला तर म्हणाले, दुसरा कोण असणार? पासपोर्ट नोव्हेंबरात आला, नोंद वेल्श पार्ट-ब्रेड, आईच्या चौकटीत हेदरचं शेटलँड नाव. नवऱ्यानं तो चाळला आणि माझ्या पासपोर्टापेक्षा जाड आहे म्हणाला.

खच्चीकरण माश्या नसलेल्या थंडीत करायचं ठरलं आहे, दोन्ही अंडकोष खाली उतरलेत हे डॉक्टरांनी तपासलं आहे. त्या दिवशी पासपोर्ट तबेल्यातच लागेल, डॉक्टर औषध द्यायच्या आधी तो मागतात. झालं की संस्थेला कळवायचं, म्हणजे नोंदीत नराच्या जागी गेल्डिंग, म्हणजे खच्ची घोडा, असं येईल. विकला तर नव्या मालकानं तीस दिवसांत नाव बदलून घ्यायचं. ते त्याचं काम.