मास्टहेडवरून उतरलेलं चिन्ह

बावीस वर्षं मी रात्रपाळीत पहिलं पान लावलं. त्यामुळे कुठलाही जुना अंक समोर आला की नजर आधी मास्टहेडवर, म्हणजे पहिल्या पानावरच्या नावाच्या पट्टीवर जाते. पोलंडच्या 'गझेता विबोर्चा'चे सुरुवातीचे अंक पाहतानाही तसंच झालं.

नावाचा अर्थ साधा आहे, निवडणुकीचं वर्तमानपत्र. एप्रिल १९८९ मध्ये तिथलं कम्युनिस्ट सरकार आणि विरोधातली कामगार संघटना सॉलिडॅरिटी यांच्यात गोलमेज करार झाला. त्यात जूनच्या निवडणुकीसाठी विरोधकांना स्वतःचं दैनिक काढायची मुभा मिळाली. ८ मे रोजी पहिला अंक आला, दीड लाख प्रती! करारापासून जेमतेम महिना. एवढ्या वेळात दैनिक उभं करणं म्हणजे काय, हे ज्यानं डमी अंकांसाठी रात्री जागवल्यात त्यालाच कळेल.

संपादक आदाम मिख्निक. अनेक वर्षं तुरुंगात काढलेला माणूस, त्यामुळे गाजलं ते त्यांचंच नाव. पण मला जास्त आदर वाटतो तो हेलेना वुचिवो यांच्याबद्दल. मार्शल लॉच्या काळात, १९८२ पासून, त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी 'तिगोद्निक माझोफ्शे' हे भूमिगत साप्ताहिक पोलिसांना चुकवत चालवलं. लपूनछपून अंक काढणारी तीच माणसं आता वॉर्सातल्या एका जुन्या पाळणाघरात उघडपणे कामाला बसली. सेन्सॉर मात्र अजून होताच. तो उठला थेट एप्रिल १९९० मध्ये.

निवडणुकीत सॉलिडॅरिटीनं बाजी मारली. ३ जुलैला मिख्निकनी 'तुमचा राष्ट्राध्यक्ष, आमचा पंतप्रधान' हा लेख लिहिला (तुमचा म्हणजे कम्युनिस्टांचा) आणि ऑगस्टमध्ये सॉलिडॅरिटीचे तादेउश माझोव्येत्स्की खरोखरच पंतप्रधान झाले.

आता त्या चिन्हाबद्दल, म्हणजे सॉलिडॅरिटीच्या नावाच्या अक्षरांचं चिन्ह. येझी यानिशेव्स्की यांनी १९८० मध्ये काढलेली ती लाल अक्षरं मोर्चातल्या माणसांसारखी एकमेकांना खेटून उभी आहेत, आणि त्यातल्या 'एन'वर पोलंडचा झेंडा. सुरुवातीपासून ते चिन्ह मास्टहेडवर होतं. १९९० मध्ये सॉलिडॅरिटीचे नेते लेक वालेसा आणि माझोव्येत्स्की राष्ट्राध्यक्षपदासाठी समोरासमोर आले आणि पेपर माझोव्येत्स्कींच्या बाजूनं उभा राहिला. सप्टेंबरमध्ये सॉलिडॅरिटीनं चिन्ह वापरायचा हक्क काढून घेतला.

ज्या चळवळीनं जन्म दिला तिचीच खूण उतरवून पान लावायचं, तेव्हा पान लावणाऱ्याचे हात जड झाले असणार. तरी अंक निघाला. चिन्ह गेलं, नाव 'निवडणुकीचं' ते निवडणुकीचंच राहिलं.