तुम्ही विचारलेत म्हणून: मुलांचे संवाद कोण लिहिते?

सोलापुरातल्या दहावी-अकरावीच्या मुलामुलींवरची आमची मालिका पाहिलेले लोक भेटले की बहुतेक जण हेच विचारतात. खरे सांगायचे तर संवाद कोणीच लिहीत नाही. पण म्हणून लिखाण कमी होते असे मुळीच नाही. प्रसंग कोठून सुरू होतो, कोणाला काय हवे आहे आणि कोण कोणापासून काय लपवते आहे, हे आम्ही आधी पक्के करतो आणि ज्याचे त्याला वेगळे सांगतो. तमाशातल्या वगातही कथानक ठरलेले असे आणि बोलणे उभ्या उभ्या रचले जाई, त्यामुळे ही रीत मला कधी परकी वाटली नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीतल्या, एका घरात घेतलेला प्रसंग सांगतो. पुण्याला शिकायला जाण्याची परवानगी आजच मिळवायची, असे मुलीला सांगितले होते. घरात पैसे नाहीत, पण हे लेकीला कळू द्यायचे नाही, असे आईचे काम करणाऱ्या बाईंना. बाई मान वर न करता विड्या वळत राहिल्या. मुलीने मराठीत सुरुवात केली, थोड्या वेळाने ती तेलुगूवर गेली, मग गप्प झाली, आणि पुढे सरकून तिने आईच्या सुपातली पाने कात्रीने कापायला घेतली. "आज किती राहिल्या?" एवढेच ती म्हणाली. कागदावर त्या जागी मी रडणे लिहिले असते.

शेजारच्या यंत्रमागाचा आवाज आला म्हणून तोच प्रसंग पुन्हा घेतला, तेव्हा तिने कात्री उचलली खरी, पण आठवून उचलली. शेवटी आवाजासकट पहिलाच ठेवला. तेव्हापासून आम्ही दोन कॅमेरे एकाच वेळी चालू ठेवतो. 'फ्रायडे नाइट लाइट्स' (२००६–२०११) या अमेरिकी मालिकेत संहिता असूनही नटांना वाक्ये बदलण्याची मुभा होती आणि तालमीशिवाय तीन कॅमेऱ्यांनी चित्रीकरण होई. ते का, हे मला त्या दिवशी उमगले.

एक पथ्य मात्र आम्ही कसोशीने पाळतो. मुलांच्या स्वतःच्या घरातले दुःख प्रसंगासाठी मागायचे नाही. पात्राचे घर, आईवडील, आडनाव सगळे निराळे ठरवतो, आणि कोणीही "थांबा" म्हटले की कॅमेरे बंद होतात. त्या मुलीने आजवर दोनदा तसे म्हटले आहे, आणि ते दोन्ही प्रसंग मालिकेत नाहीत.