गोणीभर माती

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी माहेराहून जतला परतताना मी एसटीच्या टपावर काळ्या मातीची एक गोणी चढवली होती. कंडक्टरने सामानाचे तिकीट फाडताना आत काय आहे असे विचारले, तेव्हा ‘माती’ असे सांगण्याची लाज वाटून मी ‘बियाणे आहे’ असे ठोकून दिले. माझे माहेर कृष्णाकाठचे. तिथे गुलाबाची छाटलेली काडी सहज जमिनीत खोचून विसरून गेले तरी पुढच्या महिन्यात ती पालवलेली दिसते, त्यामुळे फुलझाडे ‘लावावी’ लागतात, त्यांच्यासाठी काही विशेष करावे लागते, हे मला सासरी येईपर्यंत ठाऊकच नव्हते. सांगली जिल्हा कागदावर एकच असला, तरी पश्चिमेला शिराळ्यात सह्याद्रीचा पाऊस कोसळतो आणि पूर्वेला जत पर्जन्यछायेत कोरडे राहते. या दोन टोकांच्या मध्ये माझा गुलाब अडकला होता.

अंगणात गुलाबासाठी दीड फूट खोल खड्डा घ्यायचे ठरवले, तेव्हा वीतभर माती निघाल्यावर टिकाव खणखणला आणि पात्याखाली चक्क ठिणगी उडाली. खाली तांबूस मुरूम होता, आणि त्यात मधूनमधून हरभऱ्याएवढ्या, बोराएवढ्या पांढऱ्या चुनखडीच्या गाठी होत्या. दोन दिवसांत खड्डा जेमतेम घमेलेभर झाला. मग त्यात, आणि उरलेली दोन कुंड्यांत, अशी माहेरची माती मी भरली. उन्हाळा लागताच त्या काळ्या मातीने कुंडीत आपले गुण दाखवले. ती आकसून कुंडीच्या कडांपासून सुटली, मध्ये तिचा एक कडक गड्डा झाला आणि ओतलेले पाणी कडेच्या फटीतून थेट खालच्या भोकावाटे बाहेर पडू लागले. फरशी ओली दिसे, त्यामुळे झाडाला पाणी मिळाले अशी माझी समजूत होई. एके दिवशी वाळलेले रोप उपटून पाहिले, तेव्हा मुळांभोवतीचा गोळा आतून भाजलेल्या विटेसारखा कोरडा निघाला. पावसाळ्यात याच्या उलट होऊन उरलेले रोप चिखलात कुजले. शेतात माणसाला पोसणारी माती कुंडीत अशी वागते, हे मला माहेरी कोणी सांगितले नव्हते. सांगण्याची वेळच तिथे कधी आली नव्हती.

खड्ड्यातला गुलाब जगला, पण त्याची कोवळी पाने पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग हळदीसारखा, असे ते पान दिसायला सुंदर असते, हे मान्य केले पाहिजे. भावाने ते पाहताक्षणी ‘हा तर केवडा’ असे निदान केले, कारण त्यांच्या उसातही चुनखडीच्या पट्ट्यात हाच प्रकार होतो. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येईल अशा रूपात राहत नाही. भरल्या कणगीला कुलूप असावे तसे. स्वयंपाकघरातल्या अर्ध्या लिंबाचा रस मी अंगणातल्या मातीवर पिळून पाहिला, तर तिथे बारीक फेस धरून ती फसफसली. त्यानंतर हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, पाण्यात अगदी पातळ विरघळवून पानांवर फवारण्याचा उपाय मी पुष्कळ दिवस केला आणि पाने हिरवी झालीही. परंतु नवी पालवी आली की पुन्हा हळद ठरलेली. त्यातच आमचे बोअरचे पाणी असे जड, की कुंड्यांच्या काठांवर पांढरी खपली चढे. म्हणजे मातीतला चुना कमी पडला तर वरून पाण्यातून पोहोचवण्याचीही सोय होती.

माझा हा खटाटोप आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवरून बघत असत. त्यांची स्वतःची बाग परसात, धुण्याच्या दगडापलीकडे होती, आणि तिला बाग म्हणायला मी बराच काळ तयार नव्हते. कण्हेर, कोरांटी, सदाफुली, गुलबक्षी आणि अबोली एवढीच मंडळी तिथे होती. अबोलीला आमच्याकडे सीमेलगत असल्यामुळे कन्नड शेजारणी ‘कनकांबरा’ म्हणतात. मला ही कुंपणाची आणि उकिरड्याची फुले वाटत. आत्याबाई मात्र हिशेबाने बोलायच्या. ‘शेळी कशाला तोंड लावत नाही ते आधी बघ, मग फुलाचं बघ,’ हा त्यांचा पहिला निकष होता, आणि मोकळ्या सुटणाऱ्या शेळ्यांच्या गावात तो पहिलाच असायला हवा. कण्हेर विषारी, सदाफुली कडू, कोरांटीला काटे. त्यामुळे शेळ्या आल्या तरी हुंगून पुढे जात. माझी ऑफिस टाइमची रसरशीत रोपे एका दुपारी एकाच करडाने संपवली, तेव्हा मी हा नियम मान्य केला.

गुलबक्षीचे कौतुक मात्र मला फार उशिरा कळले. मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती आपल्या परसात इतकी रुळली आहे की तिला परकी म्हणायला जीभ वळत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला आणि तिच्या खोडाच्या वाळक्या काड्या झाल्या, तेव्हा ती मेली असे समजून मी तिची जागा खणायला घेतली. टिकावाला लागला तो दोन मुठींएवढा काळसर कंद, आणि तो कापला गेला तिथून पाणी ठिबकत होते. आत्याबाईंनी तो परत गाडायला लावला. वळवाच्या पहिल्या सरीनंतर त्याच जागी कोंब वर आले. संध्याकाळी उन्हे कलली की तिच्या कळीला पडलेली घडी हळूच सुटते. समोर बसून टक लावून पाहावे तर ती हलताना दिसत नाही, आणि भाकरी उलटून पुन्हा दाराशी यावे तर पाच-सात फुले उघडलेली असतात. दुपारच्या झळांत उमलण्याची तसदी न घेणारे हे झाड मला आमच्या गावातल्या माणसांइतकेच शहाणे वाटते.

पुढे मी गुलाबाचा नाद आवरता घेतला. (पूर्ण सोडला असे म्हणवत नाही, एक गावठी गुलाब अजून आहे आणि त्याला श्रावणात दहा-बारा फुले येतात.) माती बाहेरून आणण्याऐवजी आहे त्या मुरमालाच तळ्यातला गाळ आणि लेंडीखत यांची जोड द्यायला मी शिकले. लेंडीखताला आमच्याकडे तोटा नाही, माडग्याळी मेंढ्यांचे माडग्याळ आमच्याच तालुक्यात आहे. पण ताजे लेंडीखत उष्ण पडते आणि मुळे जाळते, म्हणून ते एक पावसाळा कुजवून मगच वापरायचे. झाडांच्या बुडाशी भुईमुगाच्या टरफलांचा चार बोटे जाड थर पसरला की पाणी एका दिवसाऐवजी तीन दिवस पुरते. गच्चीवरच्या तेलाच्या डब्यांतली रोपे मात्र मी खाली उतरवली, कारण उन्हात पत्रा एवढा तापतो की मुळे अक्षरशः शिजतात. गळ्यापर्यंत पुरलेल्या माठातून झाडाला पाणी पाझरू देण्याची जुनी युक्तीही मी केली, पण काटकसर म्हणून त्यासाठी घरातला पाच वर्षांचा जुना माठ पुरला आणि आठ दिवसांनी पाहिले तर पाणी होते तेवढेच. ज्या क्षारांनी त्याची छिद्रे बुजून पाणी गार करणे बंद केले होते, त्यांनीच त्याचे पाझरणेही बंद केले होते, हा साधा विचार मला सुचला नव्हता. कुंभाराकडून नवा माठ आणावा लागला, आणि त्यात आता फक्त पत्र्यावरून साठवलेले पावसाचे पाणी, जितके दिवस पुरेल तितके दिवस, मी भरते.

सर्वांत अवघड शिकवणी मोगऱ्याची होती. गाळ, मुरूम आणि खताच्या मिश्रणात तो मजेत वाढला, मी त्याला हातचे राखून न ठेवता पाणी घातले, आणि दोन उन्हाळे त्याने मला हिरव्यागार पानांखेरीज काही दिले नाही. ‘तू लाडावलंयस त्याला, ताण दे,’ असे आत्याबाई म्हणाल्या. पौष संपता संपता पाणी तोडायचे, पाने मलूल होऊन गळू लागेपर्यंत वाट पाहायची, उरलेली पाने हाताने ओरबाडून फांद्यांचे शेंडे छाटायचे, मग बुडाशी खत देऊन एकदम भरपूर पाणी सोडायचे. समोर झाड माना टाकत असताना हातातला तांब्या खाली ठेवणे किती कठीण असते, हे करून पाहिल्याशिवाय कळायचे नाही. मी चोरून दोनदा पाणी घातले आणि ते वर्ष फुकट घालवले. पुढच्या वर्षी आत्याबाईंनी तांब्याच उचलून आत नेऊन ठेवला. फाल्गुनात प्रत्येक नव्या फुटीच्या टोकाला तीन-तीन कळ्या होत्या.

एका सप्टेंबरात आम्ही साताऱ्याला लग्नाला गेलो होतो, तेव्हा कासचे पठार पाहून आलो. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले त्यात ते आहे. जांभ्या दगडावर बोटभर माती, आणि तीवर नजर पोहोचेल तिथपर्यंत तेरड्याचा गुलाबी गालिचा. तिथे पाऊस आमच्या कितीतरी पट, म्हणून तुलना करायला नको. पण सीतेची आसवं या इवल्या निळ्या फुलाचे झाड मातीत नत्र नाही म्हणून जमिनीखाली बारीक जीव पकडून आपली गरज भागवते, हे ऐकल्यावर आत्याबाई बराच वेळ खाली वाकून त्याच्याकडे पाहत राहिल्या.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांना टेकले, तेव्हा माहेरचे अंगण आठवडाभर पाण्याखाली होते. आमच्या टाकीत त्याच पंधरवड्यात टँकरचे पाणी पडत होते. पूर ओसरल्यावर तिथल्या काळ्या मातीने पाणी सोडलेच नाही, आणि आईने लावलेला मोगरा मुळे गुदमरून गेला. मी दाब कलम करून दोन रोपे पाठवली. तीन वर्षे भावजयीचे फोन येत राहिले, ‘वन्सं, पानं तळहाताएवढी झालीत, पण कळी म्हणून नाही.’ मी ताण द्यायला सांगितला. तिने महिनाभर पाणी तोडले, पण शेजारच्या उसाच्या पाटाचा ओलावा त्या मातीतून मोगऱ्याला पोहोचतच राहिला आणि त्याचे एक पानही मलूल झाले नाही. शेवटी त्याला कुंडीत घ्यायचे ठरले. गेल्या आठवड्यात तिने विचारले, ‘वन्सं, येताना तुमच्याकडचा मुरूम आणाल का? एक गोणी पुरेल ना?’

मुरूम चाळून ठेवला आहे. चुनखडीच्या गाठी मी हाताने वेचून काढल्या आहेत. एसटीला आता टपावर सामान घेत नाहीत, तेव्हा गोणी अर्धी-अर्धी करून दोन पिशव्यांत भरावी लागेल.