वर्धा रोडवर इंजिन पकडलं तेव्हा

नागपूरजवळचं जामठ्याचं स्टेडियम मागे पडलं आणि मोटरसायकलचा दमच गेला. ॲक्सिलरेटर पिळतोय तरी वेग उतरतोय, टाकीखालून खडखड. काही सेकंदांत इंजिन पकडलं, म्हणजे पिस्टन आतच अडकला, मागचं चाक जागेवर धरलं आणि गाडी टायर घासत सरकायला लागली. हात आपसूक क्लचवर गेला म्हणून निभावलं. क्लच दाबला की चाक इंजिनपासून सुटतं, गाडी नुसती घरंगळते. बुटीबोरीकडचे ट्रेलर कानाजवळून जात होते. तेवढ्या घरंगळीत कडेला लागलो.

मे महिन्याची दुपार, पारा 45 च्या आसपास. किक खाली जाईना, पायाखाली धोंडा ठेवल्यासारखी. ऑइलचं गेज काढून पुसलं, परत बुडवलं, टोकालाही थेंब नाही. गाडी 150 सीसीची, नऊ वर्षं जुनी, ओळखीतून नुकतीच घेतलेली. घेताना गेजवर ऑइल होतं, सायलेन्सरमधून धूर नव्हता, आवाजही मऊ होता.

बऱ्याच वेळाने इंजिन निवलं तशी किक थोडी हलली. वाटलं, मारून बघावी. आधी मनीषनगरच्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, किक मारू नका आता. जे वाचलं असंन ते बी जाईन." थंड झाल्यावर पिस्टन आकसून सुटतो, पण ऑइलशिवाय परत फिरवला की सिलिंडर आणखी खरवडला जातो. डिलिव्हरी करणाऱ्या एका पोराने मागून फूटरेस्टला पाय लावून खापरीपर्यंत ढकलत आणलं. पाणी घे म्हटलं तर "ऑर्डर हाय भाऊ" म्हणून निघूनही गेला. पुढे छोटा हत्ती टेम्पो केला. विम्याचा विचार केलाच नाही, कारण अपघात नसताना इंजिन बिघडलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

इंजिन खोलताना मी तिथेच स्टूल घेऊन बसलो. मिस्त्री कितीही भरवशाचा असो, हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, निघताना मालकाने समोर असावं, नाहीतर नंतर फक्त बिल बघायला मिळतं. कापलेल्या कॅनमध्ये ऑइल सोडलं तर जेमतेम पाव लिटर निघालं. भरायचं असतं एक लिटर. काळं, आणि उन्हात धरल्यावर त्यात चांदीसारखी बारीक चमक, म्हणजे झिजलेल्या धातूचा चुरा. प्लगवर काळी खरपुडी, पिस्टनवर उभे ओरखडे, पिस्टनभोवतीची ऑइल रिंग खाचेत चिकटून बसलेली. मिस्त्रीने सिलिंडरच्या आत नख फिरवायला लावलं. नख अडकत होतं, म्हणजे पॉलिश करून भागणार नव्हतं.

निदान साधं होतं. रिंगा आणि व्हॉल्व्ह सील गेलेले, गाडी ऑइल पीत होती, म्हणजे ते पेट्रोलबरोबर आतच जळत होतं. त्याच्या मते विकण्याआधी जाड ऑइल टाकलेलं असणार, त्याने काही दिवस धूर आणि आवाज दबून राहतो. आधीच्या मालकाला फोन केला, तर "माझ्याकडे तर मख्खन चालत होती." विक्रीच्या कागदावर "आहे त्या स्थितीत" लिहिलेलं, त्यामुळे पुढे बोलणं खुंटलं.

खरा प्रश्न होता हाफ इंजिन की फुल. हाफ म्हणजे फक्त वरचं काम: ब्लॉक (म्हणजे सिलिंडर), पिस्टन, रिंगा, सील, पॅकिंग, साधारण 6 हजार. फुल म्हणजे खालचा फिरणारा दांडा, क्रँकही बाहेर, खर्च जवळपास दुप्पट. मिस्त्रीने पिस्टन क्रँकला जोडणारी कनेक्टिंग रॉड धरून आडवी हलवली. ती थोडी हलतेच, त्यात काही नाही. मग वर-खाली ओढली, तर टक-टक लागलं. ते लागायला नको. वर नवा पिस्टन आणि खाली ढिली रॉड असली की खालचं बेअरिंग कधीही जातं आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. पैसे दुखले, पण फुल सांगितलं. क्रँक लेथवाल्याकडे गेला, रॉड किट बसली. जुना ब्लॉक आतून कोरून, म्हणजे बोर करून, मोठा पिस्टन टाकणं स्वस्त पडलं असतं. मी ब्लॉक नवाच घेतला.

दुकानातल्या एकाने भंगारातलं चालू इंजिन सुचवलं होतं, निम्म्या पैशात. ते मात्र साफ नाकारलं. इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे क्रँकच्या बाहेरच्या कवचावर असतो. ब्लॉक बदलला तर आरसीला धक्का लागत नाही, पण अख्खं इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावी लागते, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर कोर्टात कोण उभं राहणार?

गाडी मिळाली ती 500 किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही या अटीवर. रिंग रोडवर सायकलवालेही वळून बघत होते. दर रविवारी गेज बघायचो. पहिलं ऑइल बदललं तेव्हा थोडी चमक होती. नवे भाग घासून बसताना ती येतेच, असं मिस्त्री म्हणाला. दुसऱ्या वेळी ऑइल स्वच्छ निघालं, तेव्हा कुठे पहिल्यांदा साठच्या पुढे नेली.